नॉर्मन किल्ल्यावरचे अळीव

माझा मुलगा कामावरून आला की फोन टेबलावर पालथा ठेवायला लागला, तेव्हाच मी मनात म्हटलं, काहीतरी बिनसलंय. एरवी तो फोन म्हणजे त्याचा तिसरा हात. प्लांटवरून कुणीतरी विचारणार, हा इकडून "यल्ला भाई, आज खलास करो" म्हणून ओरडणार, आणि एका हातानं जेवणार. आता मात्र फोन वाजला की घरातली सगळी त्याच्याकडं बघायची. आणि तो फोन सुलटा करायच्या आधी हात पुसायचा. हात कोरडे असले तरी पुसायचा.

मी दिवाळी झाल्यावर सौदीत, दम्मामला गेले होते. मुलगा तिथून रोज अबकैकला जायचा, तेलाच्या प्लांटवर, मेंटेनन्सचा सुपरवायझर. म्हणजे प्लांटचा नोकर नव्हे हो, प्लांटवर कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा. गावात मी वर्षानुवर्षं सांगत आले, माझा मुलगा तेलाच्या कंपनीत आहे. हा फरक मला सुनेनं समजावला, स्वयंपाकघरात, कुकरच्या आवाजाच्या आडोशानं.

"आई, कंत्राट दुसऱ्या कंपनीकडं गेलंय. नवी कंपनी जुनी माणसं घेणार, पण सगळी नाही. ह्यांना घेतलं तर इकामा त्यांच्या नावावर जाईल. नाही घेतलं तर आपण सगळे परत."

इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना. तो ज्या मालकाच्या नावावर, त्याच्यावर तुमचं घर, पोरीची शाळा, दवाखाना, सगळं. मालक बदलला की तुम्ही अधांतरी.

"आणि पोरीसमोर हे काही बोलायचं नाही हं," सून म्हणाली. "तिला कशाला आत्तापासून."

बरं, म्हटलं. पण बोलायचं नाही असं ठरलेलं घर तुम्ही बघितलंय का कधी? चमचा खाली ठेवला तरी आवाज होतो. सून आल्याचा चहा करायची आणि त्यात आलं घालायला विसरायची. मुलगा टीव्हीवर बातम्या लावायचा आणि भिंतीकडं बघत बसायचा. मी आपली अळिवाचे लाडू वळत बसले. गावाहून पिशवी भरून अळीव नेले होते, सुनेची कंबर दुखते म्हणून.

अशात एक दिवस नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज्जी, मला कॅसल बनवायचाय. हिस्टरीचं प्रोजेक्ट. आईला वेळ नाही, बाबाला विचारायचं नाही असं आई म्हणते."

"कॅसल म्हणजे काय गं?"

"अगं, किल्ला."

मी लाडवाचा हात तसाच वर धरला. किल्ला! अहो, सातारा जिल्ह्यातली बाई मी. आमच्या दारातून डोंगरी किल्ला दिसतो, आणि दर दिवाळीला गल्लीतली पोरं माझ्या अंगणात किल्ला करतात, कारण माती कशी मळायची ते मी सांगते. दगड-विटा रचायच्या, त्यावर तरट चिखलात बुडवून पांघरायचं, वरून बारीक चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा. चौथीनंतर शाळा सुटली माझी, बाकी सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. पण किल्ला मला येतो.

"हात्तिच्या," मी म्हटलं. "उठ. माती कुठं मिळते इथं?"

माती तिथं मिळत नाही, ही पहिली अडचण. नुसती वाळू. सुनेनं गाडीतून आम्हाला रोपवाटिकेत नेलं, तिथल्या बंगाली माळ्यानं कुंडीची काळी माती दिली, पण ती भुसभुशीत, ओली केली तरी हातात गोळा होईना. घरी येऊन मी विचार करत बसले. मग आठवलं, न्हाणीघरातल्या कपाटात सुनेची मुलतानी मातीची पाकिटं होती.

"आई, ती माझ्या तोंडाला लावायची आहे!"

"तुझं तोंड आहे तसं छान आहे. दे इकडं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी इंडियन दुकानातून आणखी पाकिटं घेऊन आली, आणि गव्हाचा कोंडाही. कोंडा घालून माती तुडवली की भेग पडत नाही. बाल्कनीत प्लास्टिक अंथरून, साडी खोचून, मी माती भरलेल्या परातीत उभी राहिले. समोर कंपाउंडची उंच भिंत, तिच्यावर तारा, गेटवर पहारेकरी, आणि आत आम्ही सगळी हिंदी-पाकिस्तानी-फिलिपिनो बिऱ्हाडं. खालून एक पोरगं ओरडलं, "दादी क्या कर रही है?" मी म्हटलं, "किला बना रही है, बेटा."

दोन दिवसांत मी फळीवर झकास किल्ला उभा केला. वाकडीतिकडी पायवाट, बुरूज, आडोशाला लपवलेला दरवाजा, वर सपाटी, तिथं महाराजांची जागा. नात शाळेतून आली, बघत राहिली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"आज्जी, हा आपला किल्ला आहे. मला नॉर्मनांचा पाहिजे."

"म्हणजे ते कोण?"

मग ती मला शिकवायला बसली. तिची शाळा ब्रिटिश कोर्सची, तिथल्या पोरांना इंग्लंडचा इतिहास असतो. अर्धं इंग्रजीत, थोडं हिंदीत आणि अडलं की मराठीत, असं तिनं सांगितलं. नॉर्मन म्हणजे समुद्रापलीकडची माणसं. एका लढाईत इंग्लंडच्या राजाला मारलं आणि देश घेतला. पण आले होते मूठभर, आणि इंग्रज लाखोंनी. म्हणून त्यांनी जागोजागी किल्ले बांधले. दगडाचे नाहीत, दगडाला वेळ लागतो. मातीचा उंच, गोल ढीग करायचा, उलट्या टोपलीसारखा. वर लाकडी मनोरा. खाली आवार, त्याला लाकडी कुंपण, भोवती खंदक. खंदकातून निघालेली मातीच वर ढिगावर.

"ते मूठभर, मग एवढी माती उपसली कुणी?"

"इंग्लिश लोकांनी. त्यांना कंपल्सरी होतं. कुठं कुठं त्यांचीच घरं पाडली, किल्ल्याला जागा पाहिजे म्हणून."

"बरं, मग आपली माणसं वरच्या मनोऱ्यात का आवारात?"

"आपली म्हणजे?"

"म्हणजे चांगली. ज्यांचा देश."

"ती आत नाहीत, आज्जी. ती बाहेर. खाली खणतायत."

माझा हात थांबला. आमच्याकडं किल्ला म्हटलं की माणूस मान वर करून बघतो आणि छाती भरून येते. वर आपले, खाली शत्रू. किल्ला आपल्यावर नजर ठेवायला असतो, आपल्याच हातानं आपल्या डोक्यावर उभा करायचा असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मेले कुठले," मी म्हटलं. "एवढे उंच बसले म्हणजे घाबरतच असणार."

"हो! टीचर पण तेच म्हणाली. दे वेअर स्केअर्ड."

मग आम्ही माझा सुंदर किल्ला मोडला. जीव कासावीस झाला, पण मोडला. त्याच मातीचा गोल ढीग केला. आईस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, काड्यांचाच मनोरा, मध्ये पूल. नातीनं हट्टानं खंदक खणणारी माणसं केली, कणकेची, वाकलेली. मनोऱ्यावर दोनच माणसं.

त्या संध्याकाळी मुलगा आला तो बूट न काढताच बाल्कनीच्या दारात उभा राहिला. फोन त्यानं खिशातच ठेवला होता. नात त्याला सगळं सांगायला लागली, हा मॉट म्हणजे ढीग, ही बेली म्हणजे आवार, हे पॅलिसेड म्हणजे कुंपण. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "आणि जुन्या राजाची माणसं होती ना, कारभारी, मुकादम, तसली. त्यांचं काय झालं?"

"बऱ्याच जणांची जमीन गेली," ती म्हणाली. "काही जणांना ठेवलं. त्याच जमिनीवर, पण नॉर्मन मालकाच्या हाताखाली."

"कुणाला ठेवायचं ते कसं ठरवलं?"

"बुकात नाही दिलेलं."

सून आतून म्हणाली, "चहा गार होतोय." चहा अजून टाकलाही नव्हता.

आता एक सांगते. सांगायला जड जातं, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. रोज देवापुढं हात जोडले की मला काय मागावं तेच कळायचं नाही. मुलाला ठेवू दे, असं म्हणायला तोंड उघडायचे आणि मनात दुसरंच काहीतरी वर यायचं. गावात माझं घर आहे, चार खोल्या, त्यातल्या तीन बंद. सकाळी चहा करताना मी एक कप पाणी मोजते. संध्याकाळी दिवा लावला की बोलायला कुणी नाही, म्हणून रेडिओशी भांडते. ही सगळी परत आली तर? सून अंगणात, नात शेजारच्या पोरींत, मुलगा तालुक्याला कुठंतरी कामाला. असं डोळ्यांपुढं यायचं आणि लगेच घाबरायचे. आपल्या मनातल्यामुळंच तर त्याचं वाईट होणार नाही ना? मग घाईघाईनं म्हणायचे, नको रे देवा, तसं नको, राहू दे त्याला. देवालाही कळत नसेल ही बाई काय मागते.

अशाच एका सकाळी, सगळी बाहेर गेल्यावर, मी किल्ल्यावरून ओला हात फिरवत होते. ढीग छान गुळगुळीत झाला होता. माती ओलसर, नेमकी जशी पाहिजे तशी. शेजारी अळिवाची पिशवी होती, लाडवांतून उरलेली. आणि माझ्या हातानं काय केलं, विचारूच नका. चिमूट घेतली आणि भुरभुर, भुरभुर सगळ्या ढिगावर. वरून पाणी शिंपडलं. दिवाळीत किल्ला झाला की अळीव नाहीतर मोहरी पेरतोच आपण, हिरवागार दिसावा म्हणून. माझ्या मनात काहीही नव्हतं. हाताला सवय, दुसरं काय.

अळीव तो, त्याला काय लागतंय! उन्हं कोवळी, हवा गार, चार दिवसांत हिरवी लव आली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात कुणाचं कशात लक्षच नव्हतं. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी नातीनं बघितलं आणि किंचाळली.

"आज्जी! हे काय!"

"छान दिसतंय की."

"छान नाही! स्लोप उघडा पाहिजे! झाडं तोडलेली पाहिजेत! कोण चढून येतंय ते वरून दिसलं पाहिजे ना! गवतात लपून येतील सगळे! टीचर मार्क्स कापेल!" आणि ती रडायला लागली. पण ते रडणं गवताचं नव्हतं. किल्ल्यासाठी एवढं कुणी रडत नाही. उचक्या देऊन, नाकातून पाणी येईपर्यंत. सून धावत आली. मी म्हणत होते, "अगं कापू आपण, कापू," आणि ती म्हणत होती, "सगळं स्पॉइल होतंय, सगळं!"

तेवढ्यात मुलगा आला. एवढ्या लवकर तो कधी येत नाही. सुनेनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं. फोन हातातच होता, सुलटा.

त्यानं किल्ल्याकडं बघितलं. हिरव्या गवतात बुडालेली काड्यांची कुंपणं, गवताच्या वर डोकं काढलेली दोन नॉर्मन माणसं. आणि तो हसायला लागला. "आई," म्हणाला, "नॉर्मनांची दिवाळी केलीस की गं तू!"

मग तो खाली बसला, पाय दुमडून, कामाच्याच कपड्यात. सुनेकडून नखं कापायची कात्री मागितली. नातीला मांडीशी घेतलं आणि एकेक रोप मुळाशी कापायला लागला. खेचायचं नाही म्हणाला, माती येईल. नात नाक पुसत कापलेले कोंब वाटीत गोळा करायला लागली.

कापता कापताच, वर न बघता, तो म्हणाला, "घेतलं मला."

सुनेनं भिंतीला हात लावला.

"पण फॅमिली स्टेटस नाही देत. बॅचलर. कॅम्पमध्ये राहायचं. शाळा वगैरे काही नाही."

कात्रीचा आवाज तेवढा. म्हणजे तो राहणार आणि ह्या दोघी जाणार. मी दोन्हीकडचं मागितलं होतं, आणि बघा, दोन्हीकडचं मिळालं होतं. मी कुंडीच्या काठावर बसले.

"नको घेऊ मग," सून म्हणाली. "आपण सगळेच जाऊ."

"आणि तिथं काय करू? माझ्या वयाच्या माणसाला कोण घेतंय? कर्जाचे हप्ते आहेत. दोन वर्षं काढतो."

"पोरीसमोर..." मी म्हटलं.

नात वाटीत बघत होती. "मला माहितीये, आज्जी. बसमध्ये सगळ्यांना माहितीये. माझ्या फ्रेंडच्या पपांना नाही घेतलं." मग तिनं बापाला विचारलं, "बाबा, तू आत राहणार म्हणजे?"

"कुठं आत?"

तिनं आवाराकडं बोट केलं, कुंपणाच्या आत. त्यानं मान हलवली. हो म्हणाला का नाही म्हणाला, ते मला बाजूनं दिसलं नाही. कापलेले अळीव सुनेनं रात्री कोशिंबिरीत घातले. टाकायचे कशाला.

प्रदर्शन झालं. ढिगावर बारीक बारीक खुंट राहिले होते, टीचरला वाटलं मुद्दाम केलेत, झाडं तोडल्याचे. नातीनं खरं सांगितलं, आज्जीनं चुकून दिवाळी केली म्हणून, आणि मग दिवाळी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मार्क बरे मिळाले म्हणाली. मी विचारलं नाही किती.

महिन्याभरात घर आवरलं. सोफा गेला, फ्रीज शेजारच्या केरळी बाईनं घेतला. मागं किल्ला तेवढा राहिला. शेवटी मुलानं तो तसाच उचलला आणि खाली आवारात खजुराच्या बुंध्याशी ठेवला. "राहू दे इथं," म्हणाला. विमानतळावर त्यानं आमच्या बॅगा ढकलल्या, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काचेच्या दारापर्यंत आला. त्याच्या पुढं त्याला सोडत नाहीत. मी मागं वळून बघितलं तर तो फोन हातात धरून उभा होता. हात पुसत होता पँटला.

आता माझ्या घरातल्या चारही खोल्या उघड्या आहेत. नात कराडच्या शाळेत जाते, तिथं मराठीत बोलताना अडखळते आणि पोरी हसतात, मग ती त्यांना इंग्रजीत बोलून गप्प करते. सून कंबर धरून अंगण झाडते. सकाळी तीन कप चहा होतो. मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की लगेच मुलगा आठवतो. कॅम्पात त्याच्या खोलीत चौघं आहेत, एक रत्नागिरीचा आहे, तो भात बरा करतो म्हणे. व्हिडिओवर मागं कुंपण दिसतं आणि उंच खांबावरचे दिवे. मी विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "जेवलो." खरं की खोटं, मला इतक्या लांबून काय कळणार.

यंदा दिवाळीला अंगणात किल्ला झाला. या वेळी नात मुकादम होती, गल्लीतली सगळी पोरं तिच्या हाताखाली. आपलाच किल्ला केला, तरटाचा, बुरुजांचा, वर महाराज. अळीवही तिनंच पेरले, माझ्या पिशवीतून घेऊन. मी ओट्यावर बसून बघत होते. सगळीकडं पेरले, पण खालच्या रस्त्यापासून दरवाजापर्यंत एक हातभर रुंद पट्टा कोराच सोडला.

"अगं, तिथं विसरलीस," मी म्हटलं.

"विसरले नाही."

"मग?"

तिनं हात झटकले. "तिथं बाबा येताना दिसला पाहिजे."

तो छुट्टीला येणार होता, दिवाळीत. नवीन साहेब सही करणार म्हणाला होता, मग म्हणाला पुढच्या आठवड्यात, मग म्हणाला शटडाऊन आहे, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. अजून नक्की नाही. अळीव मात्र तरारून आले आहेत, दोन्ही बाजूंनी त्या पट्ट्यावर झुकतात. नात रोज शाळेच्या आधी आईची नखं कापायची कात्री घेऊन बसते आणि तेवढेच कापते. सून फोन चार्जिंगला लावते. आवाज ऐकू येईल असा, आणि सुलटा.